अंगणातल्या हंगामी फुलांची छायाचित्रे: नागपुरात नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ज्यांना फुलांची छायाचित्रे घ्यायला शिकायचे आहे, त्यांनी नागपुरात सुरुवात हिवाळ्यातच करावी, असे मी आग्रहाने सांगतो. ऑक्टोबरमध्ये रोपवाटिकेतून आणलेली पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, पॅन्सी आणि डेलियाची रोपे डिसेंबरपासून फुलू लागतात, शेवंती तर त्याआधीच भरात आलेली असते, आणि फेब्रुवारी सरेपर्यंत घराघरांच्या अंगणात, गच्चीवर आणि फाटकाशेजारच्या कुंड्यांत रोज काही ना काही नवे उमललेले सापडते. पण माझ्या आग्रहाचे खरे कारण ऊन आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणून प्रकाश तिरपा येतो आणि पाकळ्यांचे उंचसखलपण दाखवतो. याउलट २६ मेच्या सुमारास, म्हणजे शून्य सावलीच्या दिवशी, तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीचीही सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. अशा उन्हात फुलाचा वरचा भाग पांढरा पडतो, खालचा काळा होतो आणि मधले सगळे रंग हरवतात. शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी या उन्हाशी झुंजायला लावणे बरे नाही.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. हातातला मोबाइल पुरेसा आहे. घरात जुना डीएसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा, पडून असेल तर तोही चालेल, आणि त्याच्यासाठीच्या सूचना मी जागोजागी दिल्या आहेत. सामान म्हणून एक बटर पेपर, एक पांढरा जाड कागद किंवा थर्माकोलचा तुकडा, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, बांबूची एक काडी आणि काळी छत्री एवढे जवळ ठेवावे. छत्रीचे काम पुढे येईल.

वेळ आधी, कॅमेरा नंतर

हिवाळ्यात नागपुरात सूर्य सातच्या किंचित आधी उगवतो. त्यानंतरचे पहिले दीड-दोन तास सर्वांत चांगले असतात, कारण प्रकाश मऊ आणि किंचित उबदार असतो, दव अजून टिकलेले असते आणि वारा जवळपास नसतो. हा वाऱ्याचा मुद्दा नवखे लोक विसरतात. जवळून छायाचित्र घेताना फूल तांदळाच्या दाण्याएवढे जरी हलले तरी ते अंधूक येते, आणि नऊ-दहानंतर जमीन तापू लागली की लांब देठाची फुले सतत डुलत राहतात. संध्याकाळचा शेवटचा तासही सुंदर असतो, पण दिवसभराच्या उन्हाने तोवर पाकळ्या थोड्या मलूल झालेल्या असतात. निवड करायचीच तर सकाळ निवडावी.

सकाळी जायचे म्हणजे झाडांना पाणी घालण्याच्या आधी जायचे, हे मला एका रोपवाटिकेतल्या माळीभाऊंनी शिकवले. मी पाइपने नुकत्याच भिजवलेल्या डेलियासमोर बसून खटपट करत होतो, तेव्हा ते जवळ येऊन म्हणाले, "भाऊ, फोटो काढाचे असन तं पाणी टाकाच्या आंधी येत जा. मंग फुलं वाकते." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. डेलिया आणि मोठ्या शेवंतीचे फूल दाट पाकळ्यांचे असल्याने त्यांत पाणी साठते, देठाला ते वजन पेलत नाही आणि फूल खाली मान घालते. शिवाय पाइपच्या पाण्याने उडालेला मातीचा शिंतोडा खालच्या पाकळ्यांवर बसतो, जो डोळ्याला दिसत नाही आणि छायाचित्रात मात्र ठळक दिसतो. थेंबच हवे असतील तर दवाचे थेंब घ्यावेत. पिचकारीने मारलेले थेंब एकसारखे आणि दाट बसतात, आणि ते ओळखू येतात.

प्रत्येक फुलाची स्वतःची वेळही असते आणि ती माहीत असली की निम्मे काम होते. जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा एका दिवसातच मिटते, म्हणून "उद्या घेऊ" म्हणून ती ठेवून चालत नाही. ज्याला आपण ऑफिस टाइम किंवा चिनी गुलाब म्हणतो, तो ऊन अंगावर आल्याशिवाय उघडतच नाही. त्याच्यासाठी नऊ-दहापर्यंत थांबावे लागते. गुलबक्षी दुपारी चार-पाचच्या सुमारास उमलते. प्राजक्त रात्री फुलून पहाटे गळतो, म्हणून त्याचे छायाचित्र फांदीपेक्षा जमिनीवरच अधिक बोलके येते. बरीच फुले पालथी पडतात आणि त्यांचे केशरी देठ वर आलेले दिसतात, तेव्हा एकही फूल हाताने सुलटे न करता तसेच टिपावे. कुंडीतले ब्रह्मकमळ रात्री नऊ-दहाच्या पुढे पूर्ण उघडते आणि पहाटेपर्यंत मान टाकते; त्याच्यासाठी मोबाइलचा फ्लॅश न वापरता दुसऱ्या कुणालातरी बाजूने टॉर्च धरायला सांगावे आणि टॉर्चसमोर बटर पेपर लावावा.

फूल निवडणे आणि मागची बाजू मोकळी करणे

अंगणात गेल्यावर पहिली दहा मिनिटे मोबाइल खिशातच राहू द्यावा. ताटवा कितीही भरलेला असला तरी छायाचित्राला उभे राहील असे एकच फूल शोधायचे असते, आणि ते शोधताना तीन गोष्टी पाहाव्यात: पाकळ्यांची कड फाटलेली किंवा तपकिरी झालेली नाही ना, फूल ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडून आपल्याला बसता येईल का, आणि त्याच्या मागे काय आहे. यांतली तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्याने शिकणाऱ्यांची बहुतेक छायाचित्रे फुलामुळे बिघडत नाहीत, तर मागच्या कुंडीच्या काठामुळे, निळ्या पाइपमुळे, वाळत घातलेल्या टॉवेलमुळे आणि पांढऱ्या भिंतीवरच्या उन्हाच्या पट्ट्यामुळे बिघडतात.

यावर उपाय साधे आहेत. एक म्हणजे खाली बसणे. उभ्याने वाकून घेतलेल्या छायाचित्रात फुलामागे नेहमी मातीच येते. तेच भिंग फुलाच्या उंचीवर आणले की मागे दूरचे झाड किंवा कुंपण येते आणि ते आपोआप धूसर होते. दुसरे म्हणजे कुंडी सरकवणे. ही सोय उद्यानात नसते, म्हणून मी नवख्यांना आधी घरच्या किंवा शेजारच्या कुंड्यांवर सराव करायला सांगतो. काकूंना विचारून कुंडी भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आणली की तीच भिंत पडद्यासारखी मऊ दिसू लागते. तिसरा उपाय म्हणजे ती काळी छत्री. ती उघडून फुलामागे दोन फुटांवर आडवी ठेवली, तर मागची गर्दी झाकली जाते, वारा अडतो आणि पिवळी शेवंती किंवा पांढरा पिटुनिया गडद पार्श्वभूमीवर उजळून दिसतो. फक्त छत्रीच्या कापडावर थेट ऊन पडू देऊ नये, नाहीतर ते काळे न दिसता राखाडी दिसते.

डुलणाऱ्या देठासाठी बांबूची काडी फुलाच्या मागे मातीत रोवावी आणि देठ चिमट्याने तिला हलकेच टेकवावा. चिमट्याचा दाब देठावर पडत असेल तर मध्ये कापसाचा बोळा ठेवावा. झाड आपले असो वा दुसऱ्याचे, छायाचित्रासाठी कळी, पान किंवा फूल तोडू नये. आड येणारे पान दोन बोटांनी बाजूला धरता येते किंवा दुसऱ्या पानामागे सारता येते.

प्रकाश मऊ करणे

ऊन थोडे चढले असेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये बटर पेपर धरावा. पाकळ्यांवरची कडक सावली लगेच विरघळते, आणि हा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर कागद घरी विसरणे होत नाही. घरात पातळ पांढरी ओढणी असेल तर तीही चालते. पांढरा जाड कागद सूर्याच्या विरुद्ध बाजूला, फुलाच्या जवळ धरला तर अंधाऱ्या बाजूवर प्रकाश परत फेकला जातो. रंगीत कागद वापरू नये, कारण त्याचा रंग पाकळ्यांवर उतरतो.

याच कारणामुळे नागपुरात एक अडचण हमखास येते. फेब्रुवारी संपत आला की आपण गच्चीवर आणि अंगणावर हिरवी जाळी बांधतो. झाडांसाठी ती आवश्यकच आहे, पण तिच्याखाली प्रत्येक गोष्टीवर हिरवी झाक येते. पांढरी सदाफुली आजारी दिसते आणि गुलाबी फूल मातकट होते. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सोय, बदलून ही झाक पूर्ण जात नाही. कुंडी जाळीच्या कडेला, जिथे उघड्या आकाशाचा प्रकाश बाजूने येतो तिथे आणावी, किंवा सकाळी ऊन येण्याआधी जाळीची एक बाजू सोडून द्यावी.

मागून येणारा प्रकाशही वापरून पाहावा. सूर्य फुलाच्या मागे असताना पॅन्सी, कॉसमॉस आणि फ्लॉक्सच्या पातळ पाकळ्या आतून दिवा लावल्यासारख्या उजळतात आणि त्यांतल्या शिरा स्पष्ट दिसतात. झेंडूसारख्या दाट फुलाला मात्र मागचा प्रकाश शोभत नाही. त्याला बाजूचाच द्यावा.

फोकस कुठे ठेवायचा

मोबाइलची काच आधी सुती कापडाने पुसावी. तिच्यावर बोटांचा तेलकटपणा असतोच, आणि सगळे छायाचित्र दुधाळ दिसण्याचे कारण बहुधा तेवढेच असते.

मग मोबाइल फुलाच्या अगदी जवळ नेण्याचा मोह आवरावा. बऱ्याच मोबाइलचा मुख्य कॅमेरा फार जवळचे स्पष्ट पाहू शकत नाही. वीतभर अंतरावर थांबून २ पट किंवा ३ पट झूम वापरावा. फूल तेवढेच मोठे दिसते, त्याचा आकार विकृत होत नाही आणि आपली सावलीही त्याच्यावर पडत नाही. पडद्यावर जिथे फोकस हवा तिथे बोट दाबून धरले की फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण दोन्ही तिथे बांधले जातात. त्यानंतर शेजारी येणाऱ्या सूर्याच्या चिन्हावरून बोट खालीवर करून प्रकाश कमी-जास्त करता येतो. एवढ्या एका सवयीने छायाचित्रे किती सुधारतात, ते पहिल्याच सकाळी कळेल. पोर्ट्रेट मोड फुलांसाठी मी वापरत नाही. तो पार्श्वभूमी हिशेबाने धूसर करतो आणि तो हिशेब पाकळ्यांच्या नागमोडी कडांपाशी, विशेषतः शेवंतीच्या सुट्या पाकळ्यांपाशी, चुकतो.

डीएसएलआर असेल तर ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे भोक, एफ ८ ठेवून सुरुवात करावी; एफचा आकडा लहान तितके भोक मोठे. इतक्या जवळून एफ २ किंवा एफ २.८ वर फुलाची एखादीच पाकळी स्पष्ट येते आणि बाकीचे फूल धुक्यात जाते. शटरचा वेग, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो ते, १/२५० सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नये. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० किंवा ८०० करावा लागला तरी हरकत नाही. किंचित दाणेदार छायाचित्र वापरता येते, हललेले वापरता येत नाही.

फोकस नेमका कुठे, हे मात्र फुलाच्या रचनेवरून ठरते, आणि इथे थोडे थांबून पाहायला हवे. झिनिया किंवा एकेरी शेवंती आपण एक फूल म्हणून पाहतो, पण ती अनेक लहान फुलांची मिळून झालेली असते. कडेची प्रत्येक "पाकळी" हे एक फूल असते आणि मधल्या पिवळ्या चकतीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल असते. ही मधली फुले एकदम उघडत नाहीत. बाहेरच्या कडेकडून आत अशी वलयावलयाने उघडतात. म्हणून उमलल्यावर एक-दोन दिवसांनी पाहिले तर चकतीच्या बाहेरच्या कडेला पराग आलेली, ताऱ्यासारखी इवलीशी फुले दिसतात आणि मध्ये अजून घट्ट मिटलेल्या हिरवट कळ्या दिसतात. छायाचित्रासाठी हीच अवस्था सर्वांत चांगली. फोकस त्या उघडलेल्या वलयावर ठेवावा आणि कॅमेरा चकतीला समांतर धरावा, म्हणजे सबंध वलय एकाच पातळीत स्पष्ट येते. पूर्ण चकती उघडून परागाने माखली असेल तर समजावे की आपण उशिरा आलो.

जास्वंदीचे उलट असते. तिचा केसरांचा दांडा पाकळ्यांपासून बराच पुढे येतो, त्यामुळे समोरून दांड्याचे टोक किंवा पाकळ्या यांपैकी एकच स्पष्ट येते. तिला बाजूने टिपावे; मग दांडा आणि त्याच्या टोकाची पाच लाल मखमली बोंडे दोन्ही एका रेषेत मिळतात. बोगनवेलीत ज्यांना आपण रंगीत फुले म्हणतो त्या खरे तर पानांचाच बदललेला प्रकार असतात. खरी फुले म्हणजे त्यांच्या मधोमध असलेल्या पांढऱ्या लहान नळ्या, आणि फोकस त्यांच्यावरच हवा.

लाल, पांढरे आणि पिवळे

पहिल्या वर्षी मी लाल साल्व्हियाचा एक मोठा ताटवा दुपारी बारा वाजता टिपला आणि घरी येऊन पाहिले तर पडद्यावर फुले नव्हती, लाल रंगाचे सपाट डाग होते. पाकळीची घडी, शीर, सावली, काहीच नाही. असे होते कारण कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगवेगळे मोजतो आणि एकूण प्रकाश ठीक वाटत असतानाच लाल भाग शिगोशीग भरून गेलेला असतो. भरलेल्या भांड्यात आणखी ओतलेले जसे वाहून जाते, तसा तिथला तपशील जातो. तो नंतर कितीही दुरुस्ती केली तरी परत येत नाही. म्हणून लाल गुलाब, साल्व्हिया, जास्वंद आणि गर्द केशरी झेंडू टिपताना सूर्याचे चिन्ह खाली ओढून पाकळीवरची शीर दिसेपर्यंत प्रकाश कमी करावा. डीएसएलआरवर प्रकाश कमी-जास्त करण्याची (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) सोय वजा ०.७ वर ठेवून सुरुवात करावी. छायाचित्र थोडे गडद वाटले तरी चालेल, नंतर उजळता येते. मोबाइलमध्ये रंग आपोआप भडक करणारी सोय असेल तर ती बंद ठेवावी.

पांढऱ्या फुलांचा नियम दोन टोकांचा आहे. मोगरा किंवा पांढऱ्या शेवंतीने सगळी चौकट भरली तर कॅमेरा त्यांना राखाडी करतो, म्हणून प्रकाश वाढवावा. पण गर्द पानांमध्ये एकच पांढरे फूल असेल तर कॅमेरा पाने पाहून जास्त प्रकाश घेतो आणि फूल जळते, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे उरते, म्हणून तिथे कमी करावा.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्चमध्ये हिवाळी रोपे संपतात. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सूर्य साडेपाचच्या सुमारासच उगवतो, तेव्हा सातपर्यंत काम आटोपून घरात यावे. मोगरा, बोगनवेल, सदाफुली आणि ऑफिस टाइम एवढ्यांवर हे दिवस निघतात. उन्हात ठेवलेला मोबाइल तापून पडदा आपोआप मंद करतो किंवा कॅमेरा बंद पाडतो. तो सावलीत ठेवावा, फ्रिजमध्ये ठेवू नये.

पावसाळ्यात ढगाळ आकाश हाच मोठा बटर पेपर असतो आणि दिवसभर काम करता येते. पाऊस पडून गेल्यावर थोड्याच दिवसांत रेन लिली अचानक वर येते. पोळ्याच्या सुमारास तेरडा भरात असतो, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण छायाचित्र घेणाऱ्याने अगदी शब्दशः घ्यावी. पानाच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर त्याच्या मागे दोन-तीन इंचांवर फूल येईल असे बसावे. थेंब भिंगासारखा वागतो आणि त्यात फुलाची उलटी, इवलीशी प्रतिमा दिसते. फोकस थेंबाच्या कडेवर नव्हे, त्या प्रतिमेवर ठेवावा. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत नेला तर भिंगावर वाफ धरते. तो पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेर राहू द्यावा.

ज्यांच्या परसात संत्र्याचे किंवा लिंबाचे झाड आहे त्यांना आणखी एक संधी मिळते. संत्र्याचा अंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृग बहार जून-जुलैत फुलतो. जाडसर पांढऱ्या पाकळ्या मागे वळल्या की मधले केसर मोकळे दिसतात, आणि त्यांच्यावर मधमाश्या इतक्या रमलेल्या असतात की हाताच्या अंतरावरूनही उडत नाहीत.

एकाच कुंडीचा माग

घरी हात बसल्यावर उद्यानांत जावे. महाराजबाग, तेलंगखेडी उद्यान आणि सेमिनरी हिल्सवरील सातपुडा बोटॅनिकल गार्डन ही नागपूरकरांच्या ओळखीची ठिकाणे आहेत. मोबाइल वापरायला सहसा अडचण येत नाही, पण तिपाई लावायची असेल तर फाटकावर आधी विचारावे, आणि वाफ्यात पाय ठेवू नये.

तरीही माझ्या मते खरे शिक्षण घरच्या एका कुंडीवरच होते. ऑक्टोबरमध्ये झेंडूचे एक रोप घ्यावे, कुंडीखाली फरशीवर खडूने गोल खूण करावी, मोबाइल टेकवायचा स्टूल ठेवतो तिथेही खूण करावी आणि दर रविवारी सकाळी त्याच वेळी तीच चौकट टिपावी. छायाचित्राच्या नावात तारीख आणि झाडाचे नाव लिहावे. पहिले चार आठवडे फारसे काही घडत नाही, आणि तेव्हाच पान टिपायला शिकता येते. मग कळी, कळीतून डोकावणारी केशरी कड, अर्धे फूल, पूर्ण फूल, कोमेजलेले फूल. शेवटचे छायाचित्र फूल पूर्ण वाळल्यावर घ्यायचे असते. तपकिरी झालेला बोंडाचा कप तळहातावर ठेवून वाळक्या पाकळ्या चिमटीने ओढल्या की आतून सुयांसारख्या काळ्या बिया बाहेर येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला गवताच्या रंगाचा लहानसा झुबका असतो. कागदावर त्या पसरून, खिडकीच्या बाजूच्या प्रकाशात, काळा आणि फिका या दोन्ही रंगांना सांभाळून घेतील असे त्यांचे एक छायाचित्र घ्यावे, आणि बिया कोरड्या पाकिटात तारीख घालून जूनपर्यंत ठेवाव्यात.